आटे जुळले, अंतर चुकले

आमच्या शेजारच्या मुलाने लग्न-बारशाचे फोटो काढून चार पैसे मिळवावेत म्हणून एक वापरलेला मिररलेस कॅमेरा घेतला. कॅमेरा कसाबसा परवडला, पण नव्या लेन्सची किंमत ऐकून घर गप्प झाले. मग त्याने जुन्या बाजारातून दोन लेन्स आणल्या. एक १६ मिलिमीटर फिल्मच्या सिनेकॅमेऱ्याची, दुसरी दुकानावर नजर ठेवणाऱ्या सीसीटीव्हीची. सोबत जोडणीची एक रिंग.

पहिली लावली, तर समोरच्या चाळीची कौलेसुद्धा स्वच्छ दिसली. दुसरी लावली, तर तोंडाशी धरलेले नाणे तेवढे दिसे, पुढचे सारे धूसर. पोरगा हिरमुसला. "फसलो, आबा!"

आबांचा जन्म लेथवर टर्नर म्हणून गेला. त्यांनी पिचगेज काढून दोन्ही लेन्स तपासल्या. "अरे, आटे दोन्हींचे एकच. १ इंच व्यास, इंचाला ३२ आटे. आट्यांत खोट नाही. लेन्स बसते किती लांब, ते बघ."

आबांनी नेमके बोट ठेवले होते. सिनेलेन्सच्या बैठकीला 'सी माउंट' म्हणतात. तिला फिल्मपासून १७.५२६ मिलिमीटर अंतर लागते. सीसीटीव्हीच्या पुष्कळ लेन्स 'सीएस' असतात. आटे तेच, पण अंतर १२.५२६, म्हणजे बरोबर ५ मिलिमीटर कमी. जुन्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर साधारण ४४-४६ मिलिमीटर असे, म्हणून या लेन्स तिथे चालतच नसत. आरसा गेला आणि वाट मोकळी झाली. २००८ साली आलेल्या मायक्रो फोर थर्ड्स पद्धतीत ते १९.२५ झाले. तिथे सी लेन्स पावणेदोन मिलिमीटर आत बसवली की काम होते. सीएस लेन्स मात्र पावणेसात मिलिमीटर आत घालावी लागेल, तेवढी जागा नसते. कमी पडलेले अंतर रिंग घालून वाढवता येते, जास्त झालेले रिंग घालून कमी होत नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी एवढे पाहावे. लेन्सवर 'सी' लिहिले आहे की 'सीएस'. लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का. मागचा भाग रिंगमध्ये अडकत नाही ना. कोपरे काळे येणार, हेही धरून चालावे, कारण १६ मिलिमीटर फिल्मची चौकट सुमारे १०.३ बाय ७.५ मिलिमीटर आणि या कॅमेऱ्याचा सेन्सर १७.३ बाय १३. मोठ्या फोकसच्या, म्हणजे २५ किंवा ५० मिलिमीटरच्या लेन्सला हा त्रास कमी होतो. फोकस आणि छिद्र हातानेच फिरवायचे असते. कॅमेरा लेन्स ओळखत नाही, म्हणून मेन्यूमध्ये 'लेन्सशिवाय शटर' चालू करावे लागते.

दुसरी लेन्स वाया गेली नाही. अंगठीवरची नक्षी जवळून टिपायला ती कामी येते. पोरगा आता काही विकत घ्यायचे झाले की आधी आबांना विचारतो. आबा काही बोलत नाहीत, व्हर्निअर तेवढा पुसून ठेवतात.