धुऱ्यावरून दिसणारी रोवणी

धानाची रोवणी आटोपली की भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या आसपासच्या बांध्या हिरव्या होतात आणि फोटो काढणाऱ्यांची मेमरी कार्डं भरलेली असतात. मग उरतं ते काढलेलं पाहण्याचं काम. फोटोग्राफीतला सगळ्यात अवघड भाग हाच, आणि आपण सर्वांत कमी वेळ त्यालाच देतो. काढला, आवडला, स्टेटसला टाकला, लोकांनी अंगठे दिले, संपलं. अंगठ्यांवरून आपल्या माणसांचा आपल्यावर किती लोभ आहे ते कळतं, फोटो कसा आहे ते कळत नाही.

पारख अडते ती आठवणीपाशी. गुडघाभर चिखलातून जाऊन काढलेला फोटो आपल्याला प्रिय असतो. पण तो चिखल आपल्या पायांना लागलेला असतो, फोटोत आलेला असतोच असं नाही. म्हणून रोवणीचे फोटो मी काही आठवडे उघडत नाही. काढतानाचा दम ओसरला की त्यात खरोखर काय आहे ते दिसायला लागतं.

पहिली चाळणी तांत्रिक, ती पटकन होते. पावसाळ्यात वर पांढरं आभाळ आणि खाली बांधीच्या पाण्यात तेच आभाळ. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या उजेडाचं धरून चालतो, म्हणून पाणी मळकट येतं आणि वाकलेल्या बायांचे चेहरे काळे पडतात. हिस्टोग्राम पाहिला की दोष सापडतो, एक्स्पोजर थोडं वाढवलं की पुढच्या वेळी सुटतो. यात अडकून पडायचं कारण नाही.

खरी पारख त्यापुढे. मी एका मोसमाचे सगळे फोटो लहान आकारात, एका कागदावर अनेक, असे छापून घेतो. चांगले-वाईट निवडत नाही, सगळेच. फिल्मच्या काळात याला कॉन्टॅक्ट शीट म्हणत. एकेका फोटोत न दिसणारी सवय तिथे ओळीने दिसते. रोवणीच्या फोटोंत ती सवय आहे धुऱ्याची. फोटो काढणारा धुऱ्यावर कोरड्यात उभा असतो, म्हणून वाकलेल्या पाठींची रांग, लुगड्यांचे रंग आणि लांबवर सनफ्लॅग पोलाद कारखान्याची धुरांडी. माझेच नव्हे, आपल्या भागातले रोवणीचे बहुतेक फोटो असेच आहेत. स्टेशनचंही तेच. वरठीचं स्टेशन भंडारा रोड, मुंबई-हावडा मार्गावरचं. तिथल्या फोटोंत गाडी असते, गाडीची वाट पाहणारं माणूस क्वचितच.

हे कागद मी रोवणीला जाणाऱ्या बायांपुढे ठेवले. सगळ्यांना आवडणारा, ढगांचा नि रांगेचा फोटो त्यांनी बाजूला सरकवला. “तोंड तं दिसतच नाही भाऊ, कोण होय ते कसं समजन?” एकीने विचारलं. त्या थांबल्या एका साध्या, काहीशा मळकट फोटोपाशी. त्यात पऱ्ह्यांची पेंढी डाव्या हातात आहे आणि उजव्या हाताची बोटं रोपं चिखलात दाबत आहेत. पऱ्ह्यांची उंची पाहून त्या म्हणाल्या, हे उशिरा रोवलेलं आहे, याला फुटवे कमी येतील. माझ्या लेखी तो बोटांचा फोटो होता. त्यांच्या लेखी त्यात एका शेताचं सगळं वर्ष होतं. कोणत्याही स्पर्धेच्या परीक्षकाने हे मला सांगितलं नसतं.

या संदर्भात अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा ‘मायग्रंट मदर’ हा फोटो मला पुन्हा पुन्हा आठवतो. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाण्याच्या पिकावर आलेले मजूर. त्या ठिकाणी काढलेले इतर फोटोही जपलेले आहेत. ते शेजारी ठेवून पाहिले तर कुठे लांबून राहुटी दिसते, कुठे मुलं भोवती आहेत, आणि जो जगभर गेला त्यात फक्त आईचा चेहरा आहे, हनुवटीजवळ हात आणि पाठमोरी बिलगलेली मुलं. काय वगळल्याने तो फोटो उभा राहिला, हे शिकायला त्यासारखा धडा नाही. पण लँग यांनी त्या बाईंचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव जगाला कळलं 1978 मध्ये, आणि तेव्हा त्यांनी त्या फोटोबद्दल नाराजी बोलून दाखवली. फोटोग्राफीच्या सगळ्या कसोट्यांवर उतरलेला फोटो त्यातल्या माणसाच्या कसोटीवर अडला. फोटोची थोरवी त्याने कमी होत नाही, पण ती कसोटी आपल्या वहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे सुधारक ओलवे यांचं काम मला या दृष्टीने मोठं वाटतं. मुंबईच्या सफाई कामगारांचे त्यांचे फोटो एका फेरीत काढलेले नाहीत. त्या माणसांत ते वर्षानुवर्षं जात राहिले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे फोटो पाहताना कॅमेरा किती जवळ आहे याआधी फोटोग्राफरला तिथे किती येऊ दिलं आहे, ते जाणवतं. आपल्या फोटोंना विचारायचा हा सगळ्यात कडक प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर लेन्स बदलून मिळत नाही.

आता दिवाळीच्या सुमारास हलक्या धानाची कापणी येईल. कॅमेरा काढण्याआधी विळा कोण कसा धरतं, कडपा कशा टाकतात, बांधायला कोण येतं, हे बांधीत उतरून पाहायचं ठरवलं आहे. छापलेले कागद सोबत नेणार आहे, म्हणजे जुने फोटो आणि समोरचं काम एकाच वेळी दाखवून बायांना विचारता येईल. आणि बोटांचा तो फोटो ज्यांचा आहे, त्या बाईंना त्याची मोठी प्रत हवी आहे. ती आधी काढून घ्यायची आहे.