पाणी वळवणारा एक, हप्ता भरणारा दुसरा

पूर म्हणजे निसर्गाचा कोप, असे मानून आपण राज्यकर्त्यांना वर्षानुवर्षे मोकळे सोडत आलो आहोत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दहिसर, पोईसर, ओशिवरा, मिठी या नद्या वस्त्यांत शिरल्या. पाऊस निसर्गाचा होता, हे खरेच. परंतु विमानतळासाठी मिठीचे पात्र वळवले ते माणसांनी. तुळशी तलावाच्या परिसरातून येणारी दहिसर नदी दोन्ही काठांनी आवळली तीही माणसांनीच. एका काठाला भिंत उभी राहिली की पाणी दुसरा काठ शोधते, हे सांगायला अभियंता लागत नाही.

असे जाणूनबुजून वळवलेले पाणी घरात शिरल्यास विमा मिळतो काय? बहुधा मिळतो. आगविम्याच्या प्रचलित पॉलिसीत, तसेच २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुराची जोखीम समाविष्ट आहे. विमेदाराने स्वतः हेतुतः केलेले नुकसान वगळले जाते. तिऱ्हाइताच्या करणीने पूर हा पूर राहत नाही, असे नव्हे. मात्र सरकारी हुकमाने झालेल्या नाशाविषयीचे अपवाद वाचल्यावाचून कोणी निर्धास्त राहू नये. भरपाई दिल्यावर कंपनी विमेदाराच्या जागी उभी राहून दोषी पक्षाकडून वसुली करू शकते. महापालिकेविरुद्ध हा अधिकार कितीदा वापरला जाईल, हे वाचकांनीच ताडावे!

पण खरा प्रश्न पॉलिसीच्या अलीकडचा आहे. नदीकाठच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्याकडे, दोन यंत्रांच्या कारखानदाराकडे पॉलिसी असते कुठे? १९७३ मध्ये सर्वसाधारण विमा राष्ट्रीयीकृत झाला, तरी तो या माणसापर्यंत पोचला नाही. आणि समजा त्याने विमा घेतला, तरी पाणी त्याच्याकडे वळवल्याने वाढलेल्या जोखमीचा हप्ता त्यानेच भरायचा! म्हणजे सुरक्षित झालेल्या काठाचा खर्च बुडालेल्या काठाने सोसायचा.

१९२७ साली न्यू ऑर्लिन्स शहर वाचवण्यासाठी कार्नार्व्हन येथील बांध सुरुंगाने उडवला गेला. खालच्या परगण्यांतील लोकांना भरपाईचे वचन होते. हाती पडले ते अगदी तुटपुंजे. वरच्या बाजूचे बांध आधीच फुटत असल्याने त्या स्फोटाची गरजही नव्हती, असे पुढे दिसून आले.

तेव्हा दहिसरच्या कार्यकर्त्यांनी नदीच्या प्रत्येक नव्या भिंतीच्या आराखड्यासोबत दोन गोष्टी मागाव्यात: पाणी कोणाच्या दारी जाणार याचा नकाशा, आणि त्या दारांच्या सामूहिक विम्याच्या हप्त्याची महापालिकेच्या अंदाजपत्रकातील तरतूद. भाडेकरूंची नावे त्या यादीत पहिल्या दिवसापासून असली पाहिजेत. पंचनाम्याच्या वेळी ती शोधत बसण्यात अर्थ नसतो.