गाडी दारात आली. आता मानही राखू, जीवही राखू



अलीकडे आपल्या वस्त्यांतून चारचाकी गाड्या दिसू लागल्या आहेत. कोणी शिक्षक आहे, कोणी रेल्वेत आहे, कोणी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून जुनी गाडी घेतली आहे. ज्यांच्या आजोबांना बैलगाडीतही कोणी बसू देत नव्हते, त्यांच्या नातवाच्या दारात स्वतःची मोटार उभी आहे. याचा आनंद सर्वांना वाटलाच पाहिजे. परंतु गाडी घेणे वेगळे आणि गाडी बाळगणे वेगळे. या सदरात आज त्याचाच विचार करू.

या विषयाचा पहिला धडा आपल्याला बाबासाहेबांच्याच आयुष्यात मिळतो. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी दोन प्रवास सांगितले आहेत. १९०१ साली लहान भीमराव आपल्या भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले. सातारा जिल्ह्यातील मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, मुलांनीच बैल हाकायचे आणि गाडीवान बाजूने चालणार, असे ठरले. दुसरा प्रवास १९२९ सालचा. खानदेशात चौकशीच्या कामाला गेलेले बाबासाहेब परतताना चाळीसगावला थांबले. तेथेही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. पाहुण्याला पायी न्यायचे नाही म्हणून वस्तीतील लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातीलच एकाला हाकायला बसवले. त्याने पूर्वी कधी टांगा हाकला नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेबांचा पाय मोडला. आपला मान राखण्यासाठी या लोकांनी आपला जीवच धोक्यात घातला, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे.

त्या लोकांना दोष देता येत नाही. दोष त्या काळच्या जातिव्यवस्थेचा होता. पण आज टांगाही आपला आहे आणि लगामही आपल्याच हातात आहे. तेव्हा मान आणि जीव यांपैकी एकच निवडण्याची पाळी आज आपल्यावर नाही. दोन्ही राखता येतात. त्यासाठी भगवान बुद्धांनी सांगितलेला अप्रमाद, म्हणजे सावधपणा, रस्त्यावर आणि खर्चाच्या वहीत दोन्ही ठिकाणी पाळावा लागतो.

आधी वही उघडू

समजा, पाच लाखांची गाडी घेतली. एक लाख घरचे, चार लाख कर्ज, मुदत पाच वर्षे. व्याज दहा टक्के. येथेच पहिली मेख आहे. बँक शिल्लक रकमेवर व्याज लावत असेल तर हप्ता सुमारे ८,५०० रुपये पडतो आणि पाच वर्षांत व्याज सुमारे १ लाख १० हजार होते. तेच दहा टक्के मूळ रकमेवर सरसकट लावले, तर हप्ता १०,००० आणि व्याज पूर्ण २ लाख. दर एकच, फरक नव्वद हजारांचा. मुलीच्या कॉलेजच्या फीला त्यातून केवढा हातभार लागेल! म्हणून सही करण्यापूर्वी एवढेच विचारा, "व्याज शिल्लक रकमेवर की सरसकट?" आणि उत्तर लेखी घ्या.

आता वर्षाचा खर्च. हप्ते १ लाख २ हजार, विमा समजा १२ हजार, सर्व्हिसिंग आणि टायर समजा १० हजार. गाडी दारात उभी राहिली तरी हे १ लाख २४ हजार जाणारच. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि लिटरला साडेसतरा किलोमीटर धरले, तर इंधन किलोमीटरला ६ रुपये. वर्षाला ४,००० किलोमीटर गाडी चालली तर एक किलोमीटर ३७ रुपयांना पडतो. १०,००० चालली तर सुमारे साडेअठरा रुपयांना.

म्हणजे खरी काटकसर पेट्रोल पंपावर होत नाही, ती गाडी घेण्याच्या निर्णयातच होते. नोकरी दूर आहे, घरात आजारी माणूस आहे, शेतीचा माल न्यायचा आहे, अशी रोजची गरज असेल तर गाडी जरूर घ्यावी. फक्त लग्नाला आणि जयंतीला मिरवायची असेल, तर तेवढे दिवस भाड्याची गाडी बरी. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि तिरोड्याहून नागपूरला रेल्वे जाते. स्वतःची गाडी असली तरी एकट्याने नागपूरला जाताना रेल्वेचे तिकीट काढण्यात कमीपणा नाही.

जुनी गाडी घेताना टायरवर कोरलेले चार आकडे पाहा. २३१९ असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. नक्षी शाबूत दिसली तरी वयाने रबर कडक होते. आरसी बुकावर बँकेचा बोजा आहे का, ते पाहा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्या.

स्टिअरिंगवर कोण?

चाळीसगावचा धडा येथे लागू पडतो. "पोरगा सोळाचा आहे, पण झकास चालवतो," हे कौतुक वस्तीत कानावर येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी एक वर्ष रद्द, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. नोकरीच्या शोधातील मुलाच्या वाटेत आपणच खड्डा खणायचा काय?

उलट घरातील सुनेला, मुलीला रीतसर शिकवून लायसन काढून द्या. रात्री-अपरात्री घरात कोणाला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दुसरा शिकलेला हात घरात असावा. गाडी चालवणे हे एकट्या पुरुषाचे काम नव्हे.

पट्टा पुढच्यांनाच नव्हे

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार कठड्यावर आदळली. मोटार भारी किमतीची होती. मागे बसलेले मिस्त्री आणि जहांगीर पंडोल या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता. दोघेही गेले. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, पण वाचले.

टक्कर झाली की गाडी थांबते, आतला माणूस त्याच वेगाने पुढे जात राहतो. मागचा माणूस पुढच्याच्या पाठीवर आदळतो, म्हणजे तो स्वतःबरोबर दुसऱ्यालाही मारतो. मागे बसणाऱ्यांनाही पट्टा कायद्याने सक्तीचा आहे. लहान मुलाला पुढे मांडीवर घेणे तर सर्वांत वाईट. धक्क्यात कोणत्याही आईचे हात त्याला धरून ठेवू शकत नाहीत, आणि हवेची पिशवी फुटली तर ती लेकराच्या तोंडावरच बसते. मूल मागे बसवा, त्याच्या मापाची खुर्ची घ्या. पाच जणांच्या गाडीत आठ जण कोंबले की तिघांना पट्टाच उरत नाही आणि ब्रेकही उशिरा लागतो.

आपल्या जंगलातला रस्ता

आपले चोरखमारा नागझिऱ्याच्या दारात आहे. २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. चितळ, नीलगाय, रानडुक्कर, रानगवा, अस्वल ही आपली शेजारीण मंडळी. त्यांना हॉर्न कळत नाही. एक चितळ आडवे गेले की मागे दुसरे असते, हे धरूनच चाला. दिवा तोंडावर पडला की जनावर दिपून जागीच उभे राहते, म्हणून वेग उतरवा, दिवा खाली करा आणि त्याला जाऊ द्या.

वेगाचे गणित सोपे आहे. ताशी ८० च्या वेगात गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. समोर काही दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. पुढे ब्रेक लागून थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी ३५ मीटर लागतात. एकूण ५७. खाली केलेल्या दिव्याचा उजेड मात्र ४०-५० मीटरच. म्हणजे जे दिसेल त्याच्यापुढे आपण थांबूच शकत नाही. ताशी ५० ला तीच गाडी २८ मीटरांत थांबते. रात्री जंगलात ५० च्या वर जाऊ नये, याचे कारण हे आहे.

धान कापणीच्या दिवसांत दुसरा धोका. मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर, भाऱ्यांनी भरलेली बैलगाडी, डांबरी रस्त्यावर वाळत घातलेले धान. गाडीवाल्याने वेग आवरावाच. पण ट्रॅक्टर-बैलगाडी असणाऱ्या बांधवांनीही मागे लाल चकाकणारी पट्टी लावावी. खर्च किरकोळ आहे.

पैसा वाचवणारी सवय जीवही वाचवते

टायरमध्ये किती हवा भरायची ते चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेले असते. पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना, स्टेपनीसह हवा तपासा. हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, तापतो, पेट्रोल जास्त खातो, आणि वैदर्भीय उन्हाळ्यात समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर वेगात फुटतो. त्या मार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. ती मर्यादा आहे, सक्ती नव्हे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून अधिक होतो, आणि तेवढे पेट्रोल त्याच्याशी झुंजण्यात जळते.

उतारावर गाडी न्यूट्रल करून पेट्रोल वाचवण्याची जुनी खोड सोडा. आजच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की उतारावर इंजिनाला इंधन जाणेच थांबते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जात राहते, शिवाय इंजिनाचा अडवणारा जोरही जातो आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. क्लचवर पाय ठेवून चालवू नका, टपावर रिकामा कॅरिअर मिरवू नका.

दीक्षाभूमीची वाट

चोरखमाऱ्याहून नागपूर एका बाजूने सव्वाशे किलोमीटरहून अधिक आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दिवसभर रांगेत उभे राहून, रात्रीची भाषणे ऐकून, पहाटे दोनला परत निघणे हा सर्वांत मोठा धोका. झोप इच्छाशक्तीला जुमानत नाही. काच उघडल्याने, गाणी लावल्याने ती जात नाही. तेथेच कोणा नातेवाइकाकडे चार तास झोपा आणि उजाडल्यावर निघा. दिवसाही दर दोन तासांनी उतरा.

आणि दारू? कायदा शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमची मर्यादा सांगतो. पंचशील घेतलेल्या माणसाला मर्यादा शून्य आहे. पाचव्या शीलात मादक पदार्थांना प्रमादाचे, म्हणजे बेसावधपणाचे, स्थान म्हटले आहे. ते स्टिअरिंगपुढे बसणाऱ्याला किती लागू पडते पाहा! वरातीत ड्रायव्हरला "एकच घे" म्हणणाराही दोषी समजावा.

विम्याचे बारीक अक्षर

पॉलिसीत मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो. तो नोंदणीकृत मालकापुरताच असतो, आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. गाडी वडिलांच्या नावावर आणि मुलगा चालवतो, तर मुलाला तो लाभ नाही. बसणाऱ्यांसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घ्यावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने दिली आणि अपघात झाला तर कंपनी भरपाई नाकारू शकते.

दुसऱ्याचा अपघात दिसला तर थांबा आणि १०८ ला फोन करा. मदत करणाऱ्याला कायद्याचे संरक्षण आहे. मे २०२५ पासून नामनिर्देशित रुग्णालयांत जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार पैसे न भरता मिळण्याची योजना आहे. जखमीची जात विचारून थांबणारे लोक आपण नाही, हे दाखवण्याची तीच वेळ.

शेवटी एक सूचना. येत्या रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीतील सर्व गाड्या ओळीने उभ्या करा. टायरची हवा, मागचे पट्टे, दिवे, विम्याची तारीख आणि लायसन तपासा. तासाभराचे काम आहे, आणि जे चुकलेले असेल ते त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!