प्रार्थनेची भाषा आणि सीमारेषा

सीमाभागातील भाषेचा इतिहास आपण शाळांत आणि कचेऱ्यांत शोधतो. खेड्यातील चर्चकडे क्वचितच पाहतो. वस्तुतः ‘देवाशी कोणत्या भाषेत बोलावे?’ हा प्रश्न तेथेही उभा राहिला होता.

लंडन मिशनरी सोसायटीचे स्किनर आणि फायवी १८१५ साली सुरतेत आले. १८२१ मध्ये त्यांचा गुजराती नवा करार छापून झाला. मराठी नवा करार त्याआधीच, १८११ मध्ये, बंगालमधील श्रीरामपुरास निघाला होता. दोन्ही भाषांना छापखाना लाभला; त्यांच्यामधल्या बोली मात्र बाहेरच राहिल्या.

सुरतेच्या आग्नेयेस असलेला डांग हे त्याचे उदाहरण. विसाव्या शतकाच्या आरंभी चर्च ऑफ द ब्रदरनचे मिशनरी आहव्यास पोहोचले, तेव्हा डांगचा कारभार सुरतेतून चाले आणि घरोघरी डांगी बोलली जाई. ग्रिअर्सन यांनी तिची नोंद खानदेशीची बोली म्हणून केली. पुढे डांग मराठी की गुजराती, असा वाद रंगला आणि १ मे १९६० रोजी तो गुजरातेत गेला. त्या वादात डांगीचे स्वतंत्र म्हणणे कोणी ऐकले?

आम्हीही त्या दोषातून मुक्त नाही. ‘डांगी आमचीच’ हा दावा सांगण्यापूर्वी तेथील वृद्ध भाविकांच्या तोंडची गाणी व प्रार्थना त्यांच्याच उच्चारात टिपून ठेवाव्यात, असे आमचे मत आहे. बोली जगली, तरच तिच्या नात्याची चर्चा करण्यात अर्थ आहे.