इन्स्टाग्रामवर दुकान थाटताय? बेळगावचं पार्सल पाठवण्याआधी हे वाचा

तुळशीबागेत किंवा क्रॉफर्ड मार्केटमध्ये फिरून हटके कानातले, पितळी की-चेन, जुन्या सिनेपोस्टरचे मॅग्नेट, मराठी म्हणींचे मग निवडायचे. घरी खिडकीजवळ फोटो काढायचे. इन्स्टाग्रामवर टाकायचे आणि ऑर्डर आली की कुरिअरने धाडायचे. नोकरी सांभाळून असं दुकान चालवणारे आता प्रत्येकाच्या ओळखीत असतात. भांडवल थोडं, भाडं शून्य. मग अडतं कुठे?

नफा नेमका किती उरतो?

उदाहरण म्हणून हिशेब मांडू. वस्तू १५० रुपयांना घेतली, खोका आणि बबल रॅपचे ३०, कुरिअरचे ८०. एकूण २६०. विक्री ३९९ ला, म्हणजे हातात १३९ रुपये. तेच पार्सल कॅश ऑन डिलिव्हरीचं असलं आणि ग्राहकाने दारातूनच परत पाठवलं तर? जाण्यायेण्याचं कुरिअर १६० आणि पॅकिंग ३०, असे १९० रुपये गेले. म्हणजे पुढच्या विक्रीचा सगळा नफा जातो, वर ५१ रुपये पदरचे. म्हणून सुरुवातीला पैसे आधी घेणंच बरं.

जीएसटी लागतो का?

‘उलाढाल ४० लाखांच्या खाली आहे, मग नोंदणी कशाला?’ असं बहुतेकांना वाटतं. महाराष्ट्रात वस्तूविक्रीसाठी ही मर्यादा खरी आहे, पण ती राज्याच्या हद्दीपुरती. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली, तर उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. कोल्हापूरहून गडचिरोलीला गेलेलं पार्सल चालतं, शेजारच्या बेळगावला किंवा पणजीला गेलेलं चालत नाही. नोंदणी न केल्यास दंड १० हजार रुपये किंवा बुडवलेला कर, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा.

कारागिरांनी मुख्यतः हाताने घडवलेल्या, सरकारी यादीतल्या हस्तकला वस्तूंना काही अटींवर २० लाखांपर्यंत सूट आहे. कारखान्यातून आलेल्या मग-मॅग्नेटना ती नाही.

मोठ्या प्लॅटफॉर्मवरून विकलं तर?

१ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय तिथे विकता येतं. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो. मात्र ही मुभाही आपल्याच राज्यापुरती.

आणखी काय पाहायचं?

छोटी मऊ खेळणी गिफ्ट म्हणून सर्रास विकली जातात. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. घाऊक बाजारात स्वस्त मिळालं म्हणून उचलू नका, आधी चिन्ह बघा.

दुसरं, नियमितपणे विक्री करत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियम पाळावे लागतात. नाव, पत्ता, संपर्क उघड हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवं. ‘नो रिटर्न, नो रिफंड’ लिहिलं म्हणून तुटका मग ग्राहकाच्या गळ्यात मारता येत नाही. ग्राहकांनीही लक्षात ठेवावं, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मग चुकतंय कुणाचं?

ग्राहक संरक्षणाचे आणि खेळण्यांच्या सुरक्षिततेचे नियम छोट्यांनीही पाळायलाच हवेत, त्यात सवलत नको. जीएसटीची गोष्ट वेगळी. नोंदणीला शुल्क नाही, हे मान्य. पण नंतर एकही विक्री झाली नाही तरी विवरणपत्र भरावंच लागतं, चुकलं की विलंब शुल्क. सोपी कंपोझिशन योजना घ्यावी, तर तीही दुसऱ्या राज्यात माल विकणाऱ्याला बंद. महिन्याला २० पार्सलं पाठवणाऱ्याच्या नफ्यातला मोठा वाटा मग सीएच्या फीमध्येच जातो.

रस्त्यावरच्या दुकानाला गिऱ्हाईक गल्लीतून येतं, तेव्हा राज्याची हद्द ही रेघ ठीक होती. ऑनलाइन दुकानाला गल्लीच नसते. हस्तकलेला दिलेली २० लाखांची सूट सगळ्याच छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांना द्यायला हवी. पॅन आणि एनरोलमेंट क्रमांकाची अट ठेवा, म्हणजे नोंदही राहील. जीएसटी परिषदेने हे मनावर घ्यावं.

तोवर विक्रेत्यांपुढे दोनच सरळ मार्ग आहेत. आधी फक्त महाराष्ट्रात विकून माल चालतो का ते पाहा आणि बायोमध्ये तसं स्पष्ट लिहा. चालला, की नोंदणी करून मगच बेळगावची ऑर्डर घ्या.