सल्ला मागायचा आणि कुलपात ठेवायचा!

शास्त्रज्ञांचा प्रत्येक सल्ला सरकारने मानलाच पाहिजे, असा कायदा नाही. तसा तो असूही नये. लोकशाहीत निर्णय लोकप्रतिनिधींनीच घ्यायचा असतो. परंतु सल्ला मागवायचा, तो अडचणीचा निघाला की दडवायचा आणि दुसरा सल्लागार शोधायचा, हा अधिकार राज्यकर्त्यांना कुणी दिला? पश्चिम घाटाच्या प्रकरणात नेमके हेच घडले आहे.

मार्च 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञगट नेमला. ऑगस्ट 2011 मध्ये अहवाल सादर झाला. संपूर्ण घाट संवेदनशील मानावा, त्याचे तीन स्तर करावेत आणि अंतिम सीमा ग्रामसभांना विचारून ठरवाव्यात, असे त्यात म्हटले होते. मंत्रालयाने हा अहवाल प्रसिद्धच केला नाही. केरळच्या एका नागरिकाने माहिती अधिकारात तो मागितला, तर नकार मिळाला. एप्रिल 2012 मध्ये केंद्रीय माहिती आयुक्त शैलेश गांधी यांनी तो खुला करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेले! मे 2012 मध्ये याचिका फेटाळली गेली, तेव्हा कुठे अहवाल जनतेला दिसला.

लगेच ऑगस्ट 2012 मध्ये डॉ. कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती आली. तिने 37 टक्के, म्हणजे सुमारे 60 हजार चौरस किलोमीटर क्षेत्र संवेदनशील ठरवले. त्यावरही 2014 पासून मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा निघाला 31 जुलै 2024 रोजी. त्याच्या आदल्याच दिवशी वायनाडमध्ये दरडीखाली दोनशेहून अधिक माणसे गाडली गेली होती.

पहिला अहवाल लागू झाला असता तर एकही दरड कोसळली नसती, असे म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. पण डोंगरउतारावर राहणारे कोण, हे तर आपल्याला ठाऊक आहे ना? 2014 चे माळीण आदिवासींचे. 2023 ची इर्शाळवाडी ठाकरांची. ही वाडी धोकादायक ठिकाणांच्या यादीतच नव्हती, असे सरकारनेच सांगितले. ज्यांचे जीव टांगणीला आहेत, त्यांच्यापर्यंत ना यादी पोहोचते, ना अहवाल.

गाडगीळ अहवालाला अनेक शेतकऱ्यांनीही विरोध केला, हे खरे आहे. घर बांधता येणार नाही, शेती बंद होईल, अशी भीती त्यांना होती. पण अहवाल दडवला की अफवांनाच रान मोकळे मिळते. तो वेळीच मराठीत, मल्याळममध्ये, कन्नडमध्ये ग्रामसभेपुढे वाचला गेला असता, तर लोकांनी स्वतःच बरे-वाईट ठरवले असते.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. दामोदर खोऱ्याच्या योजनेसाठी त्यांनी अमेरिकेतील टेनेसी खोऱ्याच्या कामाचा अनुभव असलेला तज्ज्ञ घेतला आणि संबंधित प्रांतांच्या प्रतिनिधींना समोर बसवून चर्चा केली. तज्ज्ञ हवाच, पण त्याचे म्हणणे टेबलावर हवे, कपाटात नव्हे.

माहिती अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 हेच सांगते. महत्त्वाचे धोरण ठरवताना सर्व संबंधित तथ्ये सरकारने आपणहून प्रसिद्ध करावीत आणि निर्णयाची कारणे बाधितांना द्यावीत. सल्ला नाकारायचा असेल तर खुशाल नाकारा; पण का नाकारला, ते लेखी सांगा! प्रत्येक ग्रामसभेने आता ठराव करून ही कारणे मागितली पाहिजेत. न मागता मिळेल, या भ्रमात राहू नये.