घोषणा नेत्यांच्या, पावती करदात्यांची

ऑगस्ट २०२४ मध्ये 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे पहिले पैसे महिलांच्या खात्यात जमा झाले. दोनच महिन्यांनी हक्कसोडपत्रासारख्या दस्तांसाठी शंभर-दोनशेचा मुद्रांक चालेनासा झाला, किमान ५०० रुपये मोजावे लागू लागले. वडिलोपार्जित चार गुंठ्यांवरचा हक्क भावाच्या नावे सोडायला दुय्यम निबंधक कार्यालयात गेलेल्या बहिणीलाही ते चुकले नाहीत.

नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत तर बोलीच लागली. महायुतीने महिना २,१०० रुपयांचे आश्वासन दिले, महाविकास आघाडीने ३,००० रुपयांचे. त्यासाठी सामान्य माणसावरचा कुठला कर वाढेल, हे प्रचारात कोणी ठणकावून सांगितले नाही.

हिशेब मार्च २०२५ मध्ये समोर आला. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात महसुली तूट ४५,८९१ कोटी रुपयांची होती, कर्जाचा बोजा ९ लाख ३२ हजार कोटींवर जाणार होता आणि लाडक्या बहिणींसाठी ३६ हजार कोटींची तरतूद होती. २,१०० रुपयांचे आश्वासन मागे पडले. मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी या योजनेकडे वळवले गेले, तेव्हा त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर संताप व्यक्त केला. जूनमध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय झाला. पुढे सुमारे २६ लाख लाभार्थी अपात्र असल्याचे प्राथमिक पडताळणीत आढळले आणि त्यांचे हप्ते थांबवले गेले. ही पडताळणी मतदानाआधी का झाली नाही? करदात्याच्या पैशाची जराही चाड असती, तर अर्ज तपासूनच पैसे दिले गेले असते.

कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या तुलनेत मर्यादेत आहे, असे सरकार म्हणते. ते प्रमाण खरे आहे. पण महसुली तूट म्हणजे रोजचा खर्च भागवायला काढलेले कर्ज. त्यातून ना धरण उभे राहते, ना रस्ता. व्याजापोटीच वर्षाला ६४ हजार कोटींहून अधिक रक्कम जाते.

गरिबांसाठी खर्चच करू नये, असे कोणी म्हणत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या झळा सोसलेल्या याच महाराष्ट्राने वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी केली आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा केला. नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपयांची ती कपात आजही दिसते. कर कशासाठी घेतला जातोय हे लोकांना ठाऊक होते आणि त्या पैशातून हातांना काम मिळाले, बंधारे झाले, रस्ते झाले. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेची 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणाही याच महाराष्ट्रात गावोगावी दुमदुमली. शेतकऱ्याला मालाचा रास्त भाव हवा होता, सरकारी मेहेरबानी नको होती. आज दोन्ही बाजूंच्या नेत्यांना त्या स्वाभिमानाचा विसर पडला आहे.

स्वतःच्या बाबतीत मात्र या मंडळींचा हात कधी आखडत नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये आमदारांच्या वेतनवाढीचे विधेयक चर्चेविना मंजूर झाले आणि माजी आमदाराचे निवृत्तिवेतन ४० हजारांवरून ५० हजारांवर गेले. एकदाच निवडून आलेल्यालाही ते तहहयात मिळते. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन मात्र तिजोरीला झेपत नाही म्हणून बंद झाली होती. ती काटकसर योग्यच होती, पण तिची सुरुवात सभागृहापासून व्हायला हवी होती.

कुठल्याही नव्या योजनेची घोषणा करतानाच तिच्यासाठी कोणता कर वाढणार किंवा कोणता खर्च कमी होणार, हे लेखी मांडण्याचे बंधन विधिमंडळाने स्वतःवर घालून घ्यावे. तोवर मतदारांनी हे काम करावे. पुढच्या प्रचारसभेत व्यासपीठावरून रुपयांचा आकडा आला, की पैसे कुणाच्या खिशातून येणार, हे तिथल्या तिथे विचारावे.